कोविडची ड्यूटी करून धडधाकट घरी यायचं तर

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मेडिसीनच्या वॉर्डात एक आजोबा दाखल झाले. पायाला सूज, शुगर वाढलेली, थोडा खोकला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सहज म्हणून कोविडची तपासणी लावली आणि ती पॉझिटिव्ह आली. मग जी पळापळ झाली! नुकत्याच लागलेल्या एका मुलीनं एकावर एक तीन मास्क चढवले, तिन्ही नाकाखाली. दुसरीनं ग्लोव्हजवर सॅनिटायझर चोळलं आणि त्याच हातानं खिशातून मोबाईल काढून आईला फोन लावला. मी हसले नाही. एप्रिल २०२० मध्ये सोलापुरात पहिला रुग्ण सापडला तेव्हा मीही असंच काहीबाही करत होते, फक्त माझ्याकडे तीन मास्क नव्हते.

मी इथल्या एका खाजगी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे, नोकरीला बावीस वर्षं झाली. रुग्णालयाचं नाव घालत नाही, पुढे एकदोन कडू गोष्टी येणार आहेत. हे लिहितेय ते नव्या सिस्टर आणि ब्रदरसाठी, साफसफाईच्या मावशी-मामांसाठी, लॅबमधल्या आणि एक्स-रेच्या पोरांसाठी. डॉक्टरांनीही वाचलं तर बरं, मास्क हनुवटीवर ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही.

आधी हे सांगते की घाबरायचं कुठे. मी कोविडच्या आयसीयूत साडेचार महिने काढले, एप्रिल ते ऑगस्ट. पीपीई किट, म्हणजे अंगभर झाकणारा पोशाख, घालून नळ्या बदलल्या, सक्शन केलं म्हणजे घशातला कफ यंत्रानं ओढून काढला, मृतदेह गुंडाळले. साधी शिंक आली नाही. मला कोविड झाला तो सप्टेंबरात, आणि माझ्या मते तो टिफिनच्या खोलीत झाला. आठ बाय दहाची खोली, खिडकी नाही, एक्झॉस्ट फॅन बंद पडलेला. आम्ही सहा जणी मांडीला मांडी लावून बसलेलो. एकीनं गावाकडून कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणली होती, वर कच्चं तेल. भाकरी मोडायची, एकाच डब्यात बुडवायची, गप्पा मारायच्या. चटणीवाली म्हणाली, "एसीनं घसा खवखवतोय गं." तिसऱ्या दिवशी तिला ताप आला, पाचव्या दिवशी मला. सहातल्या चौघी पॉझिटिव्ह निघालो. हे कोर्टात सिद्ध करून दाखव म्हणाल तर मला जमणार नाही. पण आयसीयूतल्या साडेचार महिन्यांनी जे केलं नाही ते त्या पाऊण तासानं केलं, असंच मी धरून चालते.

पुढे एका ट्रेनिंगमध्ये इंग्लंडमधले आकडे दाखवले तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. बर्मिंगहॅमच्या रुग्णालयांत एप्रिल २०२० च्या अखेरीस ५१६ कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं होतं, आधी नकळत लागण होऊन गेली का हे बघायला. एकूण २४.४ टक्के लोकांत ती होऊन गेलेली सापडली. आयसीयूत काम करणाऱ्यांत १४.८ टक्के. आणि साफसफाई करणाऱ्यांत ३४.५ टक्के! आयसीयूत सगळे सावध असतात, पूर्ण किट असतं, हवा खेळती ठेवलेली असते. झाडू मारणाऱ्या मावशीला सगळ्यात शेवटी मास्क मिळतो आणि ट्रेनिंग तर मिळतच नाही. त्यात या आजाराची खोड अशी की लक्षणं दिसायच्या एकदोन दिवस आधीच माणूस दुसऱ्याला भरपूर देत असतो. म्हणजे "घसा खवखवतोय गं" म्हणणारी मैत्रीण ही ऑक्सिजनवर दहा दिवस पडून असलेल्या रुग्णापेक्षा जास्त धोक्याची असू शकते. तिला बघून आपण मास्क काढतो, रुग्णाला बघून चढवतो.

मास्क नीट बसवणं

एन-९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनएवढे बारीक कण निदान ९५ टक्के अडवणारा मास्क, हे तुला नर्सिंगला शिकवलेलं असतं. पण तो अडवतो ते त्याच्यातून गाळून आलेल्या हवेतलं. नाकाच्या कडेनं जी हवा सुळकन आत शिरते, तिला कोण अडवणार?

आरशासमोर उभी राहा. केसांचा अंबाडा टाळूवर नको आणि मानेवरही नको, डोक्याच्या मागे बरोबर मधे बांध. मास्कची वाटी तळहातात धर, पट्ट्या खाली लोंबू देत. हनुवटीखालून लाव. वरची पट्टी डोक्यामागे उंच, खालची कानांखालून मानेवर, अंबाडा दोन्हींच्या मधे. पट्ट्यांची फुली करू नकोस, गालाजवळ मास्कला चोच निघते. आता नाकावरची पत्ती. ती दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी मधून बाहेर दाबत न्यायची. एका हाताच्या चिमटीनं दाबलीस तर मधे टोक उभं राहतं आणि दोन्ही बाजूंना फट पडते. नव्या मुलींत मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक हीच.

मग तपासणी. दोन्ही तळहात मास्कवर ठेव आणि जोरात श्वास सोड. डोळ्यांवर वारा आला तर पत्ती पुन्हा दाब. गालाकडून आला तर पट्ट्या ओढून बघ. नंतर जोरात श्वास आत घे, मास्क चेहऱ्याकडे ओढला गेला पाहिजे. दहा सेकंदांचं काम. प्रत्येक वेळी करायचं. काल बसला म्हणून आज बसेलच असं नसतं. एखादी कंपनी आपल्या चेहऱ्याला चालतच नाही, मग दुसरी मागून घ्यायची. लाजायचं काय त्यात, चपलेला नाही का आपण नंबर मागत?

गॉगलवर वाफ धरते म्हणून सगळे आतून साबण लावतात. मीही लावायचे. पण ती वाफ म्हणजे तुझाच श्वास नाकाच्या बाजूनं वर येतोय. आधी पत्ती नीट कर, साबण मग.

दाढीचं सांगते. आमच्याकडे एका ब्रदरनं सिद्धरामेश्वराच्या यात्रेपर्यंत दाढी काढणार नाही असा नवस बोललेला. नवसाशी मी वाद घालत नाही. त्याला आरशासमोर उभं करून श्वास सोडायला लावला आणि गालाजवळ गॉजचा, म्हणजे जखमेवर लावायच्या जाळीदार कापडाचा, धागा धरला. धागा पताकेसारखा फडफडला. दुसऱ्या दिवशी गडी गुळगुळीत होऊन आला, मिशी तेवढी ठेवली. मिशी मास्कच्या आत राहते, चालते.

व्हॉल्व्हचा मास्क घालू नकोस. त्यातून तुझा श्वास न गाळताच बाहेर पडतो, म्हणजे तू आजारी असलीस तर समोरच्याला प्रसाद. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना तसं पत्रही पाठवलं होतं, तरी दुकानांत तो सर्रास मिळायचा, कारण त्यात गुदमरत नाही.

टंचाईच्या दिवसांत आम्हाला आठवड्याला एक मास्क मिळायचा. सही करून घ्यायचा, जुना जमा करायचा, आणि वर ऐकून घ्यायचं की "सिस्टर, जपून वापरा." तेव्हा वर्गणी काढून आम्ही मास्क विकत आणले आणि चार मास्कांची पाळी लावली. किराणा दुकानातल्या खाकी कागदी पिशव्या घेतल्या, वर नाव आणि एक ते चार आकडे. आज एक नंबरचा वापरला की तो पिशवीत जाणार आणि पुन्हा पाचव्या दिवशीच निघणार, तोवर तो वाळतो आणि त्यावरचा विषाणू मरतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर घामानं ओलाच राहतो. एन-९५ धुवायचा नाही, त्यावर स्पिरिट किंवा हायपो (फरशी पुसायचं सोडियम हायपोक्लोराइट) मारायचं नाही. त्याच्या धाग्यांवर विजेचा भार असतो, त्यानं कण चिकटतात, तो भार उतरला की उरतं नुसतं कापड. आता टंचाई नाही. तेव्हा ओला झाला, डाग पडला, पट्टी सैल झाली की सरळ टाकून दे आणि दुसरा माग.

कोणत्या रुग्णाजवळ कोणता मास्क, यावर रुग्णालयाचा नियम असेल तो पाळ. माझं स्वतःचं मत असं की खोकणाऱ्या कुठल्याही माणसाच्या हाताच्या अंतरात जायचं असेल तर एन-९५, मग त्याच्या फाईलवर टायफॉइड लिहिलेलं असो नाहीतर टीबी. आणि त्या माणसाच्या तोंडालाही साधा तीन पदरी मास्क लाव. फुकटात अर्धं काम होतं.

किट घालताना घाई झाली तरी चालेल, काढताना नाही

किट घालणं सोपं. चुकलं तर अजून कोणाचं काही लागलेलं नसतं. काढताना मात्र तू थकलेली असतेस, घामानं निथळत असतेस आणि बाहेरचा सगळा भाग घाण झालेला असतो.

मे २०२०, दुपारचे दोन. बाहेर बेचाळीस डिग्री असेल. आमचा एक ब्रदर सहा तास आत काढून किट काढायच्या कोपऱ्यात आला. काचेच्या दरवाजापलीकडे टेबलावर त्याची पाण्याची बाटली दिसत होती. त्यानं झिप ओढली, बाहेरचे ग्लोव्हज तसेच असताना कपाळावरून हूड मागे सारलं, आणि घाम डोळ्यांत जात होता म्हणून मनगटाच्या मागच्या बाजूनं दोन्ही डोळे पुसले. तीन सेकंद लागले असतील. सहा तास इतकं नीट काम केलेला माणूस! त्याचं त्यालाही कळलं नाही, मी ओरडले तेव्हा कळलं. विलगीकरणात गेला, नशिबानं काही झालं नाही.

त्या दिवसापासून आम्ही पंच नेमायला लागलो. एक जण काढणार, दुसरा दोन हात लांब उभा राहून बघणार आणि मोठ्यानं सांगणार. काढणाऱ्यानं स्वतःहून पुढचं काही करायचं नाही. "हात." हातावर सॅनिटायझर. "बुटांची कव्हरं." "बाहेरचे ग्लोव्हज." "हात." "शील्ड, मागून पट्टी धरून." "हात." मग झिप, हूड मागे, आणि अंगरखा खांद्यावरून खाली आतली बाजू बाहेर करत गुंडाळायचा, केळं सोलल्यासारखा. बाहेरची बाजू अंगाला लागता कामा नये, झटकायचा तर मुळीच नाही. "हात." "गॉगल, मागून." "हात." मग आतले ग्लोव्हज, पुन्हा हात, आणि खोलीबाहेर आल्यावर सगळ्यात शेवटी मास्क. पुढे वाकायचं, आधी खालची पट्टी, मग वरची, पुढचा भाग न धरता पट्टीला धरूनच टाकायचा. शेवटी साबणानं हात, ४० ते ६० सेकंद. क्रम रुग्णालयागणिक थोडा इकडचा तिकडे असतो, भिंतीवर चार्ट असेल तोच पाळ. पण हे दोन बदलू नकोस: प्रत्येक पायरीनंतर हात, आणि मास्क शेवटी. याला दहा मिनिटं लागतात. तीन मिनिटांत उरकलंस तर तू काहीतरी गाळलंस.

पिशव्यांचं एका दमात सांगते. गॉगल, शील्ड, ग्लोव्हज, प्लास्टिकचं सगळं लाल पिशवीत. मास्क, टोपी, बुटांची कव्हरं, कापडासारखा अंगरखा पिवळीत. कोविडच्या पिशव्या दुहेरी आणि वर लिहिलेल्या.

ग्लोव्हज म्हणजे धुतलेले हात नव्हेत, हे सारखं सांगावं लागतं. एका रुग्णाचे दुसऱ्याला चालत नाहीत. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचं, अंगठा आणि बोटांची टोकं विसरायची नाहीत.

उन्हाळ्यात आत जायच्या आधी ओआरएस पी. कडक चहा पिऊन जाऊ नकोस. मासिक पाळी चालू असेल तर इन्चार्जला सांग आणि चार तासांची ड्यूटी लावून घे, आम्ही बायकाच आहोत. चक्कर आली तर बाहेर ये, हिरोगिरी नको. पण बाहेर येतानाही पंचाला हाक मारून, झिप ओढत पळायचं नाही.

नळी, सक्शन आणि खोकला

इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं), उघडं सक्शन, सीपीआर (बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करणं), बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र) लावणं, या वेळी खोलीत लागतील तेवढीच माणसं. बघायला गर्दी नको. नळी टाकायची ती सगळ्यात अनुभवी डॉक्टरांनी, शिकाऊ हाताची ती वेळ नव्हे. ॲम्बूला, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायच्या पिशवीला, फिल्टर लावलाय का बघ, तिचा मास्क रुग्णाच्या तोंडावर दोन्ही हातांनी घट्ट धर, नळीच्या टोकाचा फुगा (कफ) फुगवल्यावरच व्हेंटिलेटर जोड. बंद सक्शन, म्हणजे व्हेंटिलेटर न सोडवता करायचं, असेल तर तेच वापर. नळी निसटू नये म्हणून रुग्णाला कुशीवर वळवताना एक जण फक्त नळीपाशी.

या कामांची धास्ती आपल्याला फार, आणि ती असावीच. पण नंतर ऑपरेशन थिएटरात यंत्रानं मोजलं तेव्हा असं दिसलं की भूल दिलेल्या माणसाला नळी घालताना जितके कण उडतात त्यापेक्षा कितीतरी जास्त एका दणदणीत खोकल्यात उडतात. म्हणून पुन्हा सांगते, जनरल वॉर्डातल्या त्या खोकणाऱ्या आजोबांना विसरू नकोस. त्यांचं बीपी घेताना, सलाईन लावताना, पाठ पुसताना आपण त्यांच्या तोंडासमोर असतो. बाजूनं उभी राहा. त्यांना म्हण, "आजोबा, तिकडं तोंड करून खोका बघू."

खिडकी, कुलर, एसी

सोलापूरच्या उन्हात खिडक्या उघड्या ठेव म्हटलं की नातेवाईक भांडायला येतात. झळा येतात हे खरंच. पण स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच गार करून पुन्हा फिरवतो. बंद खोलीत एसी म्हणजे सगळ्यांनी एकमेकांचा श्वास वाटून घेणं. खिडकीत बसवलेला कुलर त्यापेक्षा चांगला, तो बाहेरची हवा आत ढकलतो, मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर आलेली हवा जाणार कुठे. कुलर खोलीच्या मधे ठेवला असेल तर मात्र त्याचा फायदा नाही. आम्ही दुपारी समोरासमोरच्या दोन खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवतो, बाहेर ओलं पोतं बांधतो आणि रात्री सगळं सताड उघडतो.

हवा कुठून कुठे जाते हे ड्यूटीवर आल्या आल्या बघायचं. उदबत्ती लावून बघू नकोस, वॉर्डात ऑक्सिजन चालू असतो! गॉजचा एक लांब धागा काढ आणि चिमटीत धरून खाटांमधून चाल. धागा ज्या दिशेला झुकतो तिकडे हवा चाललीय. आपण हवा येते त्या बाजूला उभं राहायचं, रुग्ण हवा जाते त्या बाजूला. आमच्या नर्सिंग स्टेशनचं टेबल वर्षानुवर्षं नेमकं उलट्या जागी होतं, सगळ्या वॉर्डाची हवा आमच्या तोंडावर. ते हलवायला मला दोन अर्ज आणि एक भांडण लागलं.

मावशींना कोण शिकवणार

माझी आई विड्या वळायची, घरी आम्ही तेलुगू बोलतो. म्हणून आमच्याकडच्या साफसफाईच्या अक्का माझ्याशी मोकळेपणी बोलतात. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून येणारी एक अक्का २०२० मध्ये मला म्हणाली की तिला कोविड वॉर्डात पाठवताना एवढंच सांगितलं, "मास्क घाला आणि लवकर या." तिला मराठी कळतं, पण चार्टवर इंग्रजी. मी तिला आरशासमोर उभं करून "मुक्कु, मुक्कु" म्हणजे नाक, नाक, करत पत्ती दाबायला शिकवली. "चेतुलु कडुक्को अक्का," हात धू, हे तर दिवसातून वीसदा. तुझ्या वॉर्डातल्या मावशीला तिच्या भाषेत, मग ती तेलुगू असो, कन्नड असो, पाच मिनिटं दे. ती आजारी पडली तर त्यानंतर आपणच पडणार.

हायपोचं माप त्यांना डोळ्यांनी दाखव. पाच टक्क्यांच्या कॅनमधलं एक मग हायपो आणि चार मग पाणी, झालं एक टक्का. रोज ताजं. पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहू दे, लगेच कोरडं करायचं नाही. लोखंडाला, मॉनिटरला हायपो नको, स्पिरिट. आणि हायपोत संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही. आमच्याकडे एका मामांनी "जास्त जोर यावा" म्हणून बाथरूममध्ये दोन्ही एकत्र केलं आणि क्लोरीनच्या वाफेनं खोकत खोकत बाहेर आले, त्यांनाच ऑक्सिजन लावावा लागला. माणसांच्या अंगावर हायपो फवारणं हा त्याहून मोठा वेडेपणा. सुरुवातीला आमच्या गेटवर तेही केलं, आठवडाभर डोळे चुरचुरत होते. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच असं करू नका म्हणून कळवलं होतं.

चहा, डबा, मोबाईल

खाताना मास्क निघणारच. म्हणून खायची जागा आणि वेळ बदल. एका वेळी दोघी, त्याही समोरासमोर नको, आणि शक्यतो बाहेर. आम्ही जिन्याच्या गच्चीवर बाकडं टाकलंय, कडुलिंबाची सावली आहे. डबा ज्याचा त्याचा. चटणी वाटायची तर चमच्यानं आधीच वाटून घ्यायची. बोलायचं खाऊन झाल्यावर, मास्क चढवून. मला ठाऊक आहे, बारा तासांच्या नाईटमध्ये तेवढाच एक विसावा असतो. ड्यूटी रूममध्ये तिघीतिघी एका पलंगावर आडव्या होतो, वाफ घ्यायचं भांडंही एकच फिरवतो. ते सगळ्यात आधी थांबव.

मोबाईल आत नेऊ नकोस. न्यावाच लागला तर पारदर्शक पिशवीत, आणि बाहेर आल्यावर पिशवी टाकायची. अंगठी, घड्याळ, बांगड्या घरी. मंगळसूत्राचं मला अवघड वाटत होतं, सासूबाई काय म्हणतील म्हणून. त्यांनीच एक दिवस गळ्यातून उतरवून घेतलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्यापेक्षा तुझ्या पोरांना तू जास्त हवीस."

घरी गेल्यावर

आमच्या घरात दोन खोल्या, माणसं सहा, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. पुस्तकात लिहिलेली वेगळी खोली आणि वेगळा संडास कुठून आणणार? मी रुग्णालयातच अंघोळ करून, कपडे बदलून निघायचे. युनिफॉर्म पिशवीत बांधलेला. जिन्याखाली एक झाकणाची बादली, त्यात साबणाचं पाणी, युनिफॉर्म सरळ त्यात. साधी साबण पावडर पुरते, उकळायची गरज नाही. चप्पल बाहेर. बाकी भाजी धू, नोटा इस्त्री कर, असलं काही मी पहिल्या महिन्यानंतर सोडून दिलं. सासूबाईंना शुगर, म्हणून त्यांच्या खोलीत मी मास्क घालूनच जायचे आणि त्यांची खाट खिडकीपाशी होती. शेअर रिक्षात मात्र मास्क काढू नकोस. तीन सिस्टर, एक रिक्षा, पडदे खाली ओढलेले, ही दुसरी टिफिनची खोलीच.

अंगात कणकण आली तर

ड्यूटीवर येऊ नकोस. "स्टाफ कमी आहे, क्रोसिन घेऊन येते" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय आणि स्वतःही म्हटलंय. एक जण न येण्यानं वॉर्ड अडतो, पण आजारी येण्यानं चार जण घरी बसतात.

मास्क नसताना पॉझिटिव्ह माणसाच्या एक मीटरच्या आत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गेली, किंवा पूर्ण किट नसताना इंट्युबेशनला उभी राहिलीस, किंवा डोळ्यात-तोंडात थुंकी-कफ उडाला, तर तो मोठ्या जोखमीचा संपर्क. लगेच इन्चार्जला सांग, वेळ आणि खाटेचा नंबर रजिस्टरला लिहून ठेव. पुढे विम्याचं, रजेचं काही निघालं तर तोच कागद उपयोगी पडतो, तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही. लक्षणं साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास येतात, चौदापर्यंतही येऊ शकतात, नंतरच्या ओमिक्रॉनला तर तीनच दिवस पुरत. ती मुदत संपेपर्यंत मास्क काढून कोणाशेजारी बसू नकोस. लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर खूश होऊ नकोस, आरटीपीसीआर कर. घरी राहिलीस तर ऑक्सिमीटर ठेव. मेंदी आणि नेलपॉलिश असलेलं बोट खोटं सांगतं, दुसरं बोट घे. सहा मिनिटं घरात चालून पुन्हा बघ. ९४ च्या खाली आलं तर फोन करायचा, विचार नाही करायचा.

गोळ्यांचंही सांगते. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मलेरियाची गोळी घ्यायला सांगितलं होतं, पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा आणि मग आठवड्याला एकदा. मीही घेतली. गोळी घेतलीय म्हणून मास्क सैल सोडणारे मी डोळ्यांनी पाहिले. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं की बचावासाठी ती घेऊ नका. काढा आवडत असेल तर पी, आमच्याकडे सासूबाई अजून करतात, बरा लागतो.

लस घे. १६ जानेवारी २०२१ ला देशात लस सुरू झाली ती आपल्यापासूनच. एप्रिल-मेच्या दुसऱ्या लाटेत आमच्या मजल्यावरच्या दोन्ही डोस झालेल्या सात जणी पॉझिटिव्ह आल्या, एकीलाही ऑक्सिजन लागला नाही. त्याच आठवड्यांत डोस टाळलेल्या एका सहकाऱ्याला आम्हीच व्हेंटिलेटर लावला. त्याची बायको अजून दिवाळीला फराळ पाठवते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडनं गेले. मी तो आकडा वॉर्डाच्या फळ्यावर लिहिला होता. कोणीतरी पुसला, घाबरायला होतं म्हणाले. पुसू दे. त्याजागी आता पंचांची पाळी लिहिलीय.

सोमवारी दुपारी चारला, नाईटवाल्या घरी झोपून उठल्यावर आणि इव्हिनिंगवाल्यांनी ड्यूटी ताब्यात घेतल्यावर, स्टोअररूममध्ये या. आरसा आणि गॉजचा धागा मी आणते. मास्क ज्याचा त्याने आणायचा, अंबाडा मधे बांधून यायचा. दाढीवाल्यांनी दाढी तशीच ठेवून या, निर्णय आरशासमोर करू.